लोकल आयडी

"मॅडम, लोकल आयडीवर रूम देत नाही आम्ही."

फोनवरचा मुलगा नम्र होता, पण हलायला तयार नव्हता. मी त्याला म्हटलं, अरे बाबा, मी पुण्याहून येतेय, तीन वर्षं झाली तिकडेच असते. तो म्हणाला, "पण आधारवर तर महाल, नागपूर लिहून आहे नं?" लिहून आहे. महालातल्या ज्या वाड्याचा तो पत्ता आहे तो विकून तीन वर्षं झाली, तिथे बिल्डरने पत्रे ठोकलेत, आत आता फक्त विहिरीचा कठडा उरलाय. एवढं सगळं त्याला का सांगायचं? फोन ठेवला. ज्या गावात छत्तीस वर्षं संसार केला, तिथे खोली मिळत नाही, कारण मी तिथलीच!

हॉटेल शोधायचं कारण साधं होतं. हे गेल्यावर मी मुलाकडे पुण्याला आले, पण धंतोलीतल्या बँकेत लॉकर राहून गेला होता. तो बंद करायचा होता, त्यासाठी स्वतः जाऊन सही लागते. काम अर्ध्या दिवसाचं. मी मनाशी तीन रात्री ठरवल्या.

मानेवाड्याच्या नणंदेला कळलं तसा तिचा फोन आला. "वैनी, हॉटेलात काहून राहून राहिल्या तुम्ही? आमच्या घरी जागा नाही का?" जागा आहे, माया तर त्याहून जास्त आहे. पण तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नातीची दहावी, आणि मला मिळणार हॉलमधला दिवाण, जिथे रात्री अकरापर्यंत टीव्ही. ही सगळी कारणं मी तिला सांगितली. खरं कारण नाही सांगितलं. मला तीन दिवस सकाळी उठून कोणासाठीही चहा टाकायचा नव्हता, आणि कितीला उठले हे कोणाला कळायला नको होतं.

हीच माझी लक्झरीची व्याख्या. या लक्झरीसाठी मी एफडीच्या व्याजातून वीस हजार काढले, टॅक्ससकट. बँकेत नोकरी केलेली बाई 'टॅक्ससकट' म्हणाल्याशिवाय बजेट ठरवत नाही.

पहिली चूक तारखेची. डिसेंबर धरला, थंडी छान म्हणून. ॲपवर भाव पाहिले तर जी खोली आधी पाच हजाराला दिसत होती ती नऊच्या पुढे. आणि तरी 'फक्त एक शिल्लक'. मग डोक्यात उजेड पडला: अधिवेशन! १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरावं. राजधानी गेली आणि बदल्यात हे आलं. आमदारांसाठी आमदार निवास आहे, पण त्यांच्या मागून येणारे कार्यकर्ते, अधिकारी, पत्रकार, मोर्चेवाले, कंत्राटदार हे सगळे कुठे राहणार? एवढी वर्षं मला अधिवेशन म्हणजे सिव्हिल लाइन्सचे बंद रस्ते एवढंच ठाऊक होतं. बाहेरून येणाऱ्यासाठी ते काय असतं ते पहिल्यांदा कळलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी असते तेव्हाही तेच, आणि जामठ्याला मॅच असली तर वर्धा रोडची हॉटेलं विसरा. मे-जूनचा प्रश्नच नव्हता. पंचेचाळीस अंशांत नागपूरला हौसेने जायचं म्हणजे डोकं तपासून घ्यावं लागेल.

फेब्रुवारी ठरवला. आता दुसरी अडचण, लग्नं. नागपुरातलं जरा बरं हॉटेल म्हटलं की त्याला बँक्वेट हॉल नाही तर लॉन असतंच, आणि हॉटेलची खरी कमाई तिथे. वरच्या मजल्यावरच्या एकट्या पाहुण्याची झोप त्या कमाईत मोजत नाहीत. म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पोरीचं लग्न ठरवताना बघावेत तसे मुहूर्त बघितले, फक्त उलटे. ज्या तीन दिवसांना लग्नाचा मुहूर्त नव्हता ते लाल पेनने गोल केले. मुलगा हसला. "आई, हॉटेल बघतेयस की स्थळ?"

भाग निवडायला मला वेळ लागला नाही, गाव माझंच. बाहेरून येणाऱ्याला सगळे वर्धा रोड सुचवतात. विमानतळ जवळ, मेट्रो दारात, रॅडिसन आणि ली मेरिडियनसारखी मोठी नावं तिकडेच. पण माझं काम धंतोलीत, मन महालात. वर्धा रोडवरचं एक मध्यम हॉटेल मात्र मनात भरलं होतं. हॉटेलने टाकलेले फोटो बघितले तर खोली म्हणजे दिवाणखाना. मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो उघडले. त्यातल्या एका फोटोत पलंग, पलंगाच्या मागे खिडकी, आणि खिडकीत मेट्रोचा डबा. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तीन मजली वाहतूक आहे. मेट्रोचा हा दुमजली पूल ३.१४ किलोमीटर लांब आहे आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झालीय. अभिमान वाटतोच. पण सकाळी सकाळी गाउनमध्ये पडदा बाजूला करावा आणि समोर डब्यातल्या माणसांनी बघावं, एवढा अभिमान नको. तेव्हापासून नियम केला: हॉटेलचे फोटो बघायचेच नाहीत, फक्त पाहुण्यांचे. आणि त्यातही बाथरूमचे. बाथरूमचा फोटो कोणीच टाकलेला नसेल तर समजून जायचं.

स्टेशनच्या बाजूचं एक स्वस्त आणि चकचकीत हॉटेल याच नियमाने बाद झालं. त्या खोलीला पडदा होता, पडद्यामागे भिंत.

उरला रामदासपेठ आणि धंतोलीचा पट्टा. सेंटर पॉइंट, तुली इम्पिरियल ही आमच्या पिढीला 'मोठ्या लोकांची' वाटणारी हॉटेलं इथलीच. बँकेत असताना एखाद्या कॉन्फरन्सला जेवायला जायचो तेव्हा ताटातला टिश्यूसुद्धा जपून वापरायचो. त्यांच्या आसपास पुष्कळ मध्यम हॉटेलं झालीत, कारण हा सगळा भाग दवाखान्यांचा. विदर्भातून, छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक राहतात. याचा एकट्या बाईला एक फायदा असतो, तो कुठे लिहिलेला सापडत नाही. तिथल्या रिसेप्शनला एकटी बाई बघायची सवय असते. कोणाची आई आयसीयूत, कोणाचा नवरा. "सोबत कोण आहे?" असं विचारत नाहीत. दुसऱ्या एका भागातल्या हॉटेलने मला फोनवर "मिस्टर केव्हा येणार?" असं विचारलं होतं. आता येणार नाहीत, म्हटलं, आणि ठेवला फोन.

शेवटी पाच नावं उरली. पाचही ठिकाणी मी स्वतः फोन केला. मुलाचं म्हणणं, कोण करतं आजकाल फोन? पण माझा अनुभव असा की ॲपवर सगळी हॉटेलं सारखी दिसतात, फोनवर दोन मिनिटांत वेगळी होतात. प्रश्न माझे ठरलेले होते. या तीन दिवसांत तुमच्याकडे कुठलं फंक्शन आहे का? मागच्या बाजूची खोली मिळेल का? एकटीचा भाव काय? ॲपवर आपोआप 'दोन व्यक्ती' येतं. ते एक केलं की काही ठिकाणी चारपाचशे उतरतात, काही ठिकाणी काहीच नाही, फक्त नाश्ता एकाचा होतो. आणि रात्री लिफ्ट कार्डावर चालते का? एका हॉटेलला मी हेही विचारलं की तुम्ही खरंच फोर स्टार आहात का. तारे देतं केंद्राचं पर्यटन खातं, हॉटेलने स्वतः अर्ज केला तर तपासणी करून, आणि तेही पाच वर्षांपुरते. ॲपवरचे तारे त्या ॲपचे. तो मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, फोर स्टारचा फील आहे." प्रामाणिक निघाला बिचारा.

आणि शेवटचा प्रश्न: आधारवर नागपूरचा पत्ता आहे, चालेल का? पाचातल्या तिघांनी नाही म्हटलं. असा काही कायदा नाही, हे हॉटेलांचं आपापलं धोरण. तरुण जोडप्यांना टाळायला केलेलं, आणि त्यात अडकते माझ्यासारखी साठ उलटलेली. मुलाने सुचवलं, "पत्ता बदलून टाकू, आता मुलाच्या संमतीने ऑनलाइन होतं, माझ्याकडे रिक्वेस्ट येईल, मी होकार देईन." सोपं आहे. मी म्हटलं, बघू. तीन वर्षं मी हे 'बघू'च म्हणतेय.

चौथ्या हॉटेलात फोनवर एक मुलगी होती. ती म्हणाली, "काकू, तुमचं तिकीट पाठवा, पुण्याहून येताय हे दिसलं की झालं. मी मॅनेजरांना विचारून मेल करते." काकू म्हणाली, मॅडम नाही. आणि तासाभरात खरंच मेल आला. निवड तिथेच झाली म्हटलं तरी चालेल, बाकी आकडेमोड नंतरची.

ती आकडेमोडही सांगते, कारण त्यात एक खड्डा आहे. ॲपवर तीच खोली ५,६०० ला होती, पण नाश्त्याशिवाय, आणि रद्द केली तर पैसे गेले. थेट हॉटेलकडून ५,९००, नाश्त्यासकट, दोन दिवस आधीपर्यंत रद्द करायची सोय. त्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ६,१९५. तीन रात्रींचे १८,५८५. बजेटात बसलं. मग त्या मुलीने विचारलं, "काकू, १,९०० जास्त दिले तर मोठी रूम देते, सोफा वगैरे." १,९०० म्हणजे काही फार नाही, असं वाटून मी हो म्हणणारच होते. पण सवय जात नाही, कागदावर मांडलं. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की सरळ १८. मोठी खोली ७,८०० ची. त्यावर कर १,४०४, एकूण ९,२०४. म्हणजे १,९०० चा सोफा मला रात्रीला ३,००९ ला पडला असता. सोफ्यावर बसायचं कोणाबरोबर होतं?

जायच्या दिवशी एकच गोष्ट माझ्याकडून सुटली. पुण्याहून रात्रभराच्या गाडीने सकाळी साडेनऊला नागपूर, आणि चेक-इन दुपारी दोनला. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला हे साडेचार तास फार मोठे असतात. लवकर खोली हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं. मी नाही म्हटलं. बॅग रिसेप्शनला ठेवली, जिमच्या बाजूच्या चेंजिंग रूममध्ये आंघोळ करू दिली (हे विचारावं लागतं, आपणहून कोणी सांगत नाही), आणि ऑटो करून कस्तुरचंद पार्ककडे तर्री पोहे खायला गेले. पुण्यात तीन वर्षं लिंबू पिळलेले, खोबरं भुरभुरलेले, सभ्य पोहे खाऊन जीभ मऊ झाली होती. पहिल्याच घासाला नाकातून पाणी आलं. बाजूच्या पोराने न विचारता पाण्याची बाटली सरकवली.

खोली बाराला मिळाली. चौथा मजला, मागची बाजू, खिडकीत कडुलिंब. पांढरी चादर इतकी ताणून घातलेली की बसायला जीव होईना. बाथरूम आणि खोलीच्या मध्ये भिंतीऐवजी काच, हे नवीनच. ही काय फॅशन आहे मला कळत नाही. आत एक पडदा होता, पण एकटीला कोणापासून लपायचं? मी पडदा उघडाच ठेवला आणि आंघोळ करताना कडुलिंब बघितला. सहा दशकांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

केटली मात्र दोनदा नुसतं पाणी उकळून ओतून दिल्याशिवाय वापरली नाही. चहा? हो, केलाच. सवयीने दोन कप काढले, मग एक परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी लॉकरचं काम झालं. आत फारसं नव्हतं: सासूबाईंची एकदाणी, वाड्याच्या जुन्या कागदांची झेरॉक्स आणि यांनी कधीतरी ठेवलेलं एक बंद पडलेलं घड्याळ. ते पर्समध्ये घालून महालात जाऊन आले. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मुहूर्त टाळले तरी सगळं टळत नाही. त्या रात्री खालच्या हॉलमध्ये कोणाच्या तरी बाळाचा पहिला वाढदिवस होता. फोनवर मी 'फंक्शन' विचारलं होतं, ते तेव्हा बुक झालेलं नव्हतं म्हणे. बाळ नऊलाच झोपलं असणार, डीजे नाही झोपला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे, तो सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी तरी आठवण करून द्यावी लागते. दहा वाजून पाच मिनिटांनी मी रिसेप्शनला फोन केला. दहा वीसला बंद झालं. जेवणाच्या बिलाचंही तेच. हॉटेलातली एखादी खोली साडेसात हजाराच्या वरची असली की त्यांच्या रेस्टॉरंटला १८ टक्के कर लागतो, ते मान्य. पण त्याखाली १० टक्के सर्व्हिस चार्ज गपचूप छापलेला. तो आपोआप लावता येत नाही, २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसं सांगितलंय आणि दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलंय. वेटरला म्हटलं, हा काढ, तुला मी वेगळे देते. त्याने काढला, मी दिले. दोघंही खुश. दुसऱ्या दिवशी जेवायला मी बाहेर गेले, पाटवडी रस्सा खायला, तो विषय वेगळा.

सकाळी आवाजाच्या त्रासाबद्दल म्हणून खोलीत फळांची टोपली आली. वर छापील चिठ्ठी, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल'. टोपलीत दोन केळी, एक सफरचंद, दोन संत्री. संत्रं हातात घेतलं तर साल गच्च, बोट शिरेना. आमचं संत्रं असं नसतं, त्याची साल सैल असते, देठाशी अंगठा घातला की अंगरखा काढल्यासारखी निघते. हे किन्नू होतं, पंजाबचं. फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री कळमन्याच्या मार्केटमध्ये यायच्या दिवसांत, नागपूरच्या हॉटेलात किन्नू! डीजे मी माफ केला होता, हे नाही केलं. खाली जाऊन त्या काकू म्हणणाऱ्या मुलीला दाखवलं. तिला आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय, मग ती खुदकन हसली. "काकू, मी काटोलची आहे. मला काय सांगता! सप्लायरवाला आणतो हो हे. दिसायला एकसारखं असते नं, चकाकते." दुपारी परत आले तर टेबलावर चार संत्री होती, एकाला हिरवट डाग, दुसऱ्याच्या देठाला पान. चिठ्ठी नव्हती. दोन तिथेच खाल्ली, दोन नणंदेला नेली. ती सालं सोलता सोलता म्हणाली, "हॉटेलवाले संत्री देतात का वैनी? मग बरं आहे बाप्पा."

तिसऱ्या सकाळी मी सव्वानऊपर्यंत झोपले. नाश्त्याला शेवटची मीच होते. पोह्यांवर तर्री आहे का विचारलं तर सूपच्या वाटीत फिकट पिवळं काही आणून दिलं, बहुतेक पुण्याच्या पाहुण्यांसाठी केलेलं. खाल्लं.

निघताना काउंटरवर दुसराच मुलगा होता. बिल छापून त्याने पुढे केलं. तीन रात्री, ५ टक्के, १८,५८५, सगळं बरोबर. वर माझं नाव, नावाखाली संपूर्ण पत्ता, आधारच्या झेरॉक्सवरून उतरवलेला: घर क्रमांक, वाड्याचं नाव, महाल, नागपूर, पिन कोडसकट.

"पत्ता बरोबर आहे नं मॅडम?" त्याने पेन पुढे करत विचारलं.

म्हटलं, "आधारवर आहे तोच आहे," आणि सही केली.